आगमन, निर्गमन

एकतीस वर्षं मी बेळगावच्या स्टँडवर
काचेच्या खिडकीआड बसून गाड्या सोडल्या.
खानापूर, नंदगड, हल्याळ, सावंतवाडी, निपाणी.
आधी कन्नडमध्ये, माइकवरून.
मग गाठोडं घेतलेली एखादी म्हातारी खिडकीशी आली
तर मराठीत, माइक झाकून, हळू.

निरोपाच्या दिवशी डेपोने भिंतीवरचं घड्याळ दिलं.
मला. घड्याळ.
हार घालताना ड्रायव्हर शिवलिंगय्या हसू दाबत होता.

ते आता गोल्याळीच्या पडवीत आहे,
फावडं आणि कोयत्याच्या मधल्या खिळ्याला.
सेल संपला तेव्हा पावणेपाच झाले होते.
नवीन घातलेला नाही. घालीन.

सात गुंठे. वर तांबडी माती, खाली जांभा,
पहार मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या.
पहिले काही महिने मी वाफ्यांना फलाट म्हणायचो.
एकवर मुळा, दोनवर मेथी,
तीन आणि चारवर रताळी.
मुळा नॉनस्टॉप, पंचेचाळीस दिवसांत हजर.
रताळ्यांचं मात्र काही कळेना.
वर वेलांचा एवढा पसारा, आणि खाली?
चौकशीची खिडकी नाही.
साठाव्या दिवशी एक वेल उकरून पाहिला.
करंगळीएवढी मुळं, गुलाबी.
माती परत ओढली.
सत्तराव्या दिवशी पुन्हा.

लुमाण्णा गावडे बांधावरून बघत होता.
"काय करूलास रे?"
"बघतोय, आली काय."
"ती काय खानापूर गाडी हाय?
निजल्या पोराचं पांघरूण वढून कोण बघतंय काय?
निजूंदे की."

जुन्या सवयीने एक वही केली आहे,
रकाने आखून: आगमन, निर्गमन, शेरा.
काकडीचं पहिलं फूल, सकाळी सात दहा. शेरा: नर.
आणि नवरात्रातल्या एका रात्री:
गवा, एक. आगमन दोन चाळीस, भीमगडच्या बाजूने.
निर्गमन तीन पाच.
शेरा: फलाट तीन साफ.

मी पडवीत बॅटरी धरून उभा होतो, पेटवली नाही.
एवढं मोठं जनावर इतकं सावकाश चावतं
हे साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
त्याला कुठे पोचायचं नव्हतं.
मलाही नव्हतं, हे तिथेच लक्षात आलं
आणि पाय गार पडले.

वैजयंतीची नोकरी अजून दोन वर्षं आहे.
वडगावच्या मराठी शाळेत दुसरीचा वर्ग,
पट अठरा. गेल्या वर्षी तेवीस होता.
शनिवारी शाळा सकाळची,
मग ती दीडची कणकुंबी धरते
आणि अडीचला तिठ्यावर उतरते
असं वेळापत्रक म्हणतं.
ते मीच केलेलं.

मी दोनलाच येऊन बसतो.
आज पावणेतीन. तीन. तीन दहा.
लोक खिडकीत डोकं घालून विचारायचे, गाडी कधी येईल?
मी मान वर न करता म्हणायचो, येईल.
त्या एका शब्दात किती वेळ मावतो
हे काचेच्या आतून दिसायचं नाही.

पिशवीत मुळ्याची जुडी आहे
आणि फलाट तीनवरचं एकच रताळं,
गव्याच्या खुराखाली दबून राहिलेलं, वाकडं, मुठीएवढं.
मातीसकट आणलंय.
भाजायचं की उकडायचं, ती बघेल.

लुमाण्णा शेळ्या हाकत येतो.
"आली काय रे?"
मी काही बोलत नाही.
तोही बोलत नाही, शेजारी टेकतो,
तळहातावर तंबाखू मळायला लागतो.
वळणापलीकडे गिअर बदलल्याचा आवाज.
मी उठतो, पिशवी या हातातून त्या हातात.

ट्रक. भाताची पोती.